लाल कोंबडी शाळेचा दाखला

बेलर्स फोर्क, मिसूरी
रविवार, ८ जुलै २०१८

प्रिय तिर्झा,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील, आणि नडीनआत्या तुला पोटभर जेवू घालून वर तिच्या गुडघ्यांची कहाणी ऐकवत असेल, असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस. सहा वेळा लावून पाहिला. सातव्यांदा लावला असता तर मी स्वतःच्याच नजरेतून उतरले असते, म्हणून पत्र. पत्राला कारण असं विशेष काही नाही.

घरी सगळं ठीक आहे. फरसबीला यंदा ऊत आला आहे. गुरुवारी मी आणि केझायाने मिळून एकवीस बरण्या भरल्या, तरी परसात शेंगा लोंबतायतच. तुझी बहीण अकरा वर्षांची आहे, पण जीभ चाळिशीची. शेंगांच्या शिरा काढता काढता मला विचारते, "हे तास वहीत कशात धरणार?"

मी म्हटलं, "गृहविज्ञानात."

"उन्हाळ्यात शाळा बंद असते, आई. हे वेठबिगारीत धर."

तू असतीस तर तिला चिमटा काढला असतास आणि मग दोघी मिळून मलाच हसला असतात. आता आपल्या घरच्या शाळेत ती एकटीच उरली. परवा बाबांना सांगत होती, वर्गात पहिलीही मीच आणि शेवटचीही मीच.

बाबांनी गवत कापून कोरडं आत घेतलं. शाळेची पिवळी बस सुट्टीपुरती आपल्याच अंगणात उभी आहे आणि ते रोज संध्याकाळी तिच्याभोवती एक फेरी मारतात, जशी काही ती पळून जाणार आहे. सगळ्या गावाची पोरं शाळेत पोचवणारा माणूस स्वतःच्या पोरी मात्र घरी शिकवतो, यावर चर्चमध्ये अजून तेच ते विनोद होतात. तुझ्याबद्दल ते काही बोलत नाहीत. जेवायला बसताना तुझी खुर्ची तेवढी जरा आत सरकवतात.

लाल कोंबडी खुडूक बसली आहे. खाली एक अंडं नाही, तरी उठत नाही. हात घातला की चोच मारते.

तुझ्या त्या सैन्यभरतीवाल्या सार्जंट ओकासिओचा फोन आला होता. मुलगा बोलायला चांगला आहे, दर वाक्याला मॅडम म्हणतो. त्याने मला सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. घरी शिकून ज्यांनी दाखला घेतला, त्यांना आता सरकारी शाळेतल्या मुलांच्याच रांगेत धरतात आणि भरतीच्या परीक्षेत एकतीस गुण त्यांना पुरतात. बाहेरून बारावी दिलेल्यांची रांग वेगळी. तिथे पन्नास लागतात, आणि घेतात तेही मोजके. तुझे एप्रिलमध्ये सेहेचाळीस आले आणि मे महिन्यात अठ्ठेचाळीस. आता तिसऱ्यांदा बसायला सहा महिने थांबावं लागेल. जनावरांच्या दवाखान्यातली जी जागा तुला हवी आहे ती त्याने दहा ऑगस्टपर्यंत धरून ठेवली आहे. "घरच्या शाळेचं गुणपत्रक आणि दाखला मिळाला, सहीचा आणि नोटरीच्या शिक्क्याचा, तर मी तिला दुसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेत आणू शकतो, मॅडम," असं म्हणाला. मग म्हणाला, "तिला बाहेरून परीक्षा द्यायला कुणी सांगितलं, कळत नाही. भल्याभल्यांची ही चूक होते."

कुणी सांगितलं ते तू त्याला सांगितलं नाहीस, हे मला कळलं. तुझं मन मोठं आहे.

जून महिन्यात तू स्वयंपाकघरात उभी राहून विचारलंस, माझं गुणपत्रक कुठे आहे. मी म्हटलं, केलंच नाही, आणि घरच्या कागदाला सैन्यात कोण विचारतं. तू म्हणालीस, "मी जाऊ नये असं तुला वाटतं तर तसं म्हण ना. बारा वर्षं शिकवलंस आणि एक कागद देववत नाही तुला." आणि पिशवी भरलीस. मी भांडी घासत राहिले. तेव्हा कढई इतकी घासली की तिच्या तळात आता तोंड दिसतं.

जुन्या वह्यांत काही सापडतं का ते बघते. शोधते आहे. जिवाला सांभाळ, आणि आत्याच्या त्या कुत्र्यांच्या पाळणाघरात कितीही लाड आले तरी त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊ नकोस.

तुझी,
आई

*

बेलर्स फोर्क
रविवार, २२ जुलै

प्रिय तिर्झा,

अनेक आशीर्वाद. नडीनआत्याचा फोन आला होता. म्हणाली, "तुझं पत्र पोरीने उभ्याने वाचलं, घडी घातली आणि कामाच्या झग्याच्या खिशात ठेवलं." मी विचारलं, पुढे काही म्हणाली का? तर म्हणाली, "हो, म्हणाली की त्या तपकिरी कुत्र्याला जुलाब होतायत." एवढ्यावर मी दहा दिवस काढले.

आज पत्राला कारण आहे. मागच्या पत्रात मी ताकाला जाऊन भांडं लपवलं, आणि इथे तर भांडंही खरंखुरंच आहे. कोठीच्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर ते जुनं बरण्या उकळायचं भांडं आहे ना, झाकणाचं रबर गेलेलं, जे मी टाकत नाही म्हणून बाबा चिडवतात? त्यात तुझं गुणपत्रक आहे. आणि दाखलाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून. शोधते आहे असं लिहिलं ते खोटं होतं. शोधायला फक्त स्टूल लागतं.

ते अर्धवट नाही. नववी ते बारावी, चारही वर्षं पूर्ण आहेत, चांगल्या शाईने लिहिलेली. तास सगळे, कायद्यासाठी वर्षाला हजार तास भरायच्या त्या वह्यांतून उतरवून घेतले, एक आठवडा लागला. तू चौदा वर्षांची असताना आपल्या डेझीचं वासरू आडवं आलं होतं आणि पशुवैद्य पूर आलेल्या ओढ्यापलीकडे अडकला होता. तू कोपरापर्यंत हात घालून ते फिरवलंस आणि मी शेजारी पुस्तक धरून वाचत होते, पान दोनशे बारा. ते सहा तास जीवशास्त्रात आहेत. प्रात्यक्षिक म्हणून. त्यापुढे मी 'उत्कृष्ट' लिहिलं, नंतर खोडलं, कारण आईने लेकीला उत्कृष्ट द्यायचं म्हणजे लोक हसणार, आणि मग पुन्हा लिहिलं. तिथे शाई जरा जाड दिसेल.

शाळेचं नावही तेच ठेवलं आहे. तुला आठवत नसेल. पहिलीत असताना तू रोज सकाळी बस यायच्या आधी ओकायचीस. दोन आठवडे घरी ठेवते असं मी बाईंना सांगून आले आणि बाजारातून वही आणली. वहीवर शाळेचं नाव लिहायला जागा होती. तू सहा वर्षांची. तेवढ्यात ती पहिली लाल कोंबडी जाळीचं दार ढकलून आत शिरली आणि टेबलाखाली येऊन उभी राहिली. तू म्हणालीस, "ही पण आली शाळेत." म्हणून लाल कोंबडी शाळा. म्हटलं, राहू दे, पुढे चांगलंसं नाव ठेवू. दोन आठवड्यांची बारा वर्षं झाली आणि नाव तेच राहिलं. आता ते सरकारी फायलीत जाणार. सार्जंटने हसू नये म्हणून तू आधी सांगून ठेव.

मग का लपवलं, हे विचारशील. भीती वाटली. जनावरांचा दवाखाना म्हटलं तरी अंगावर गणवेश तोच, आणि पाठवतील तिथे जायचं. आत्याकडे जाईपर्यंत तू कधी या जिल्ह्याबाहेर चार रात्री राहिली नव्हतीस. आईला भीती वाटायला परवाना लागत नाही. मला वाटलं, कागद नसेल तर तू थांबशील, आणि थांबलीस तर तुझा विचार बदलेल. हे बरोबर नव्हतं, पण खरं आहे. पुरेसं खरं आहे.

कागद आताच पाठवला असता, पण माझी सही राहिली आहे. ती नोटरीसमोर करावी लागते, आणि गावात नोटरी म्हणजे बँकेतली ग्लेंडा पोग. ती सुट्टीवर गेली आहे. आली की लगेच करून घेते.

केझायाने खुडूक कोंबडीसाठी शेजारून सहा अंडी मागून आणली आणि हळूच खाली सरकवली. या वेळी चोच मारली नाही म्हणे. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली आहे.

जेवत जा.

तुझी,
आई

*

बेलर्स फोर्क
शुक्रवार, ३ ऑगस्ट

प्रिय तिर्झा,

तुझं कार्ड मिळालं. पुढे कुत्र्याचं चित्र, मागे सहा शब्द. "आई, कारण नको. कागद पाठव. तिर्झा." मी ते साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलं आहे. बाबा येता-जाता वाचतात, जसं काही त्यात रोज नवीन बातमी येते.

कागद याच पाकिटात आहे, जलद टपालाने. सोमवारी तुझ्या हातात पडेल आणि दहा तारखेला चार दिवस उरतील. आता तू हे पत्र बाजूला ठेवून सरळ सार्जंटकडे गेलीस तरी मला राग येणार नाही.

पण वाचणार असशील तर कारण मी सांगणारच. तुझं उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या लिहिल्याशिवाय मी तुला कधी पूर्ण गुण दिले नाहीत. तू त्यावरून रडली आहेस, पाय आपटले आहेस, एकदा पेन्सिल खिडकीबाहेर फेकली आहेस. तेव्हा मी माझ्याही पायऱ्या लिहिते.

ग्लेंडा पोग सुट्टीवर नव्हती. ग्लेंडा आयुष्यात दोनदा सुट्टीवर गेली आहे आणि दोन्ही वेळा बाळंतपणाला. मी तिच्यासमोर जायला घाबरत होते. शाळेत ती माझ्या मागच्या बाकावर बसायची, आणि मी अकरावीत असताना फेब्रुवारी महिन्यात माझा बाक रिकामा झाला, हे गावात आता तिलाच आठवतं.

तिर्झा, मी शाळा पूर्ण केलेली नाही.

माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला आणि बुटांच्या कारखान्यात तिचं मशीन मोकळं पडलं. मुकादम म्हणाला, घरातलं कुणी येत असेल तर जागा राहील. धाकटे तिघे होते. मी सोमवारी आईचा झगा घालून तिच्या स्टुलावर बसले. सोळा वर्षांची होते. वाटलं होतं, उन्हाळ्यापर्यंत. पुढे तुझे बाबा भेटले तेव्हा मी सांगितलं की मावशीकडे आर्कान्सामध्ये राहून शाळा संपवली. एकदा बोलून गेले, मग ते पाळणं आलं. बाहेरून परीक्षासुद्धा कधी दिली नाही. द्यायला गेले असते तर शाळा संपवली नव्हती हे उघडं पडलं असतं.

मग तुझा दाखला करायची वेळ आली. मी तो छापील कागद मागवला, सोनेरी किनार असलेला. तुझं नाव लिहिलं, शाळेचं नाव लिहिलं, आणि खाली दोन ओळी होत्या. एक मुख्याध्यापकांच्या सहीची. दुसरी, मुख्याध्यापकांचे शिक्षण. मी पेन हातात धरून बसले. सैन्य म्हणजे सरकार. कुणीतरी माझं नाव तपासणार, अकरावी सोडलेल्या बाईने बारावीचा दाखला दिला असं निघणार आणि तुझा कागद तुझ्या तोंडावर फेकणार, असं मला वाटलं. जे माझ्याकडे नाही ते मी तुला कसं देऊ? म्हणून भांड्यात घातलं. आणि जानेवारीत तुला म्हटलं, बाहेरून परीक्षा दे, तिच्यावर शिक्का सरकारचा असतो. माझं नाव त्यात कुठेच येत नाही, हे बोलले नाही. तुला वाचवते आहे असं स्वतःला सांगितलं. वाचवत होते स्वतःला. तू मात्र त्या दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिलीस आणि दोन गुणांनी परत आलीस. त्या संध्याकाळी तू म्हणालीस, "मीच कमी पडले." मी ते ऐकून घेतलं आणि तुला मक्याचा पाव वाढला. एवढं एक मला माफ करता आलं तर कर. नाही आलं तरी हा कागद तुझाच आहे.

सोमवारी मी सार्जंटला फोन केला. धीर करून विचारलं, "शिकवणाऱ्याचं शिक्षण तुम्ही कुठपर्यंत बघता?"

"आम्ही ते विचारतच नाही, मॅडम. मुलीचं विचारतो."

"पण दाखल्यावर ओळ आहे."

"छापणाऱ्याने हौसेने घातली असेल. कोरी सोडा."

सव्वा वर्ष, तिर्झा. एक प्रश्न विचारायला मला सव्वा वर्ष लागलं. आणि तुला मी शिकवत होते की अडलं तर विचारावं, विचारण्यात लाज कसली.

मंगळवारी निघाले, तर गाडी बँकेवरून पुढेच नेली. बावीस मैलांवर दुसरी नोटरी आहे. तिथे दारासमोर गाडी लावून बसले. आत एक अनोळखी तरुण मुलगा दिसत होता. त्याने न बघता शिक्का मारला असता. पण मग उरलेलं आयुष्य मला बँकेत बाजूच्या रांगेतच उभं राहावं लागलं असतं. परत वळले.

ग्लेंडाने मला बघितलं आणि चष्मा वर केला. "चार्ला? तू माझ्या खिडकीवर? लग्न झाल्यापासून तू कायम शेजारच्या रांगेत."

"तुझी रांग मोठी असते."

"हो, ना. आज बँकेत आपण दोघीच आहोत."

मी दाखला आणि गुणपत्रक पुढे ठेवलं. तिने वरपासून वाचायला घेतलं. "लाल कोंबडी शाळा," असं मोठ्याने म्हणाली.

"तेव्हा ती सहा वर्षांची होती."

"आणि तू?"

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी म्हटलं, "ग्लेंडा, तुला माहीत आहे. मी अकरावीत सोडली. मी यावर सही केली तर तू शिक्का मारशील का?"

तिने शिक्क्याची पेटी पुढे ओढली. मग म्हणाली, "बाई गं, नोटरी म्हणजे काय परीक्षा मंडळ आहे? मी खरं-खोटं तपासत नाही. समोर बसलेली बाई चार्ला स्ट्राउडच आहे ना, एवढंच बघते. तू तूच आहेस ना?"

"आहे."

"मग गाडीचा परवाना दाखव आणि सही कर. उगाच रांग लागेल."

शिक्का मारून झाल्यावर कागद लगेच दिला नाही तिने. त्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझी भूमितीची वही माझ्याकडे राहिली होती. जून महिन्यापर्यंत जपली मी. येशील असं वाटायचं. मग आमच्या आईने आवराआवरीत कुठे घातली देव जाणे." मी म्हटलं, "भूमिती मी नंतर केली." ती म्हणाली, "दिसतंय ना इथे, गुणपत्रकात."

आता तेच सांगायचं राहिलं आहे. तुला वाटायचं, आईला सगळं येतं. मी तुझ्यापुढे फक्त एक धडा होते. बीजगणितात तर कधी कधी अर्धाच. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला आईला पाऊण तास का लागतो, हे कधी तुझ्या मनात आलं का? दाणे पाच मिनिटांत संपायचे. मग मी खुराड्यात बादली पालथी घालून बसायची आणि तुझा दुसऱ्या दिवसाचा धडा करायची. पायथागोरस मला त्या कोंबड्यांमध्ये समजला. इतका आनंद झाला की हातातली वही खाली पडली आणि आत येऊन तुझ्यावरच ओरडले, लवकर उठ म्हणून. ज्या दिवशी तू भूमितीचा शेवटचा पेपर सोडवलास, त्या दिवशी खुराड्यात मीही सोडवला होता. तुला ब्याण्णव मिळाले. मला अठ्ठ्याऐंशी. मी पायऱ्या गाळल्या होत्या.

बाबांना काल सांगितलं. बसखाली झोपून काहीतरी आवळत होते, त्यामुळे मला चेहरा दिसत नव्हता, तेच बरं. मग म्हणाले, "पहिल्यांदा तुझ्याबरोबर नाचाला आलो तेव्हा मीही तुला सांगितलं होतं की मला नाचता येतं." आणि पाना मागितला. मला वाटतं फिटलं.

तू जाणं मला नको आहे. मागच्या पत्रात ते लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, फक्त मी त्याच्या आड उभी होते. नको आहे, आणि जा. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला कुठल्याच धड्यात मिळालं नव्हतं. जिथे पाठवतील तिथली जनावरं नशीबवान. निघायच्या आधी एक रात्र घरी आलीस तर तुझी खुर्ची आत सरकवलेली आहे, ती बाहेर ओढायला वेळ लागणार नाही. अंडी बारा तारखेला फुटतील असं केझायाचं गणित आहे. मी तपासलं, पायऱ्या बरोबर आहेत.

दाखला नीट बघ. सार्जंट म्हणाला होता ती ओळ कोरी सोडा. ग्लेंडानेही विचारलं, "ही सोडायची ना?" मी तिचंच पेन घेतलं आणि भरली. मुख्याध्यापकांचे शिक्षण: अकरावी, फेब्रुवारीपर्यंत. उरलेलं तिर्झाबरोबर.

तुझी आई आणि वर्गमैत्रीण,
चार्ला स्ट्राउड
मुख्याध्यापिका, लाल कोंबडी शाळा